ताटलीबाईंच्या पोटातला जॅम

जॅमच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मोठ्या कढईपाशी उभ्या असलेल्या बाईंना सगळे ताटलीबाई म्हणत. जॅम उतरवण्याआधी त्या थंड ताटलीवर एक थेंब टाकत, बोटाने मधून रेघ ओढत आणि रेघ मिटली नाही की ओरडत, "जमला!" आनंद असा, की जणू आज पहिल्यांदाच जमतोय.

वार्षिक तपासणीत त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिने विरघळणारे तंतू खा. ओट्स, राजमा, सालासकट सफरचंद, शिवाय रोज इसबगोल. नाही उतरलं, तर गोळ्या."

गोळ्यांचं नाव काढताच ताटलीबाई खुर्चीतून उठल्याच. नवऱ्याचं शेवटचं वर्ष सात कप्प्यांच्या गोळ्यांच्या डबीभोवतीच फिरलं होतं. ती डबी त्यांना पुन्हा घरात नको होती.

त्याच दिवशी त्यांनी इसबगोल पाण्यात ढवळलं आणि सवयीने घट्ट होईपर्यंत थांबल्या. ताटलीवर थेंब, बोटाची रेघ, "जमला!" मग तो घट्ट लगदा चमच्याने खाल्ला, वर दोन घोट पाणी. पाचव्या दिवशी पोट दगडासारखं.

सूनबाईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि ऐकता ऐकता हसून हसून खुर्चीतच कोसळली. "अहो आई, पेल्यात नाही, पोटात जमवायचाय! ढवळलं की लगेच प्यायचं, वर भरपूर पाणी!"

ताटलीबाईंनी फोनच हिसकावला. "म्हणजे पोटात आमचं जॅम जमवणारं पेक्टिनच की हो!"

"सफरचंदात तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " ओट्समध्ये नि इसबगोलात त्याचीच चुलत भावंडं. त्यांची पोटात जेली होते, साखर रक्तात सावकाश जाते. ती पित्तही धरून बाहेर नेते. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. राजम्यातले तंतू तर आतड्यातल्या चांगल्या जंतूंचा खाऊ."

"मग जॅमच खाते!"

"आणि त्यातली साखर कोण खाणार, मी?"

त्यानंतर ताटलीबाई पेला एका दमात रिकामा करायच्या आणि पोटावर हात ठेवून सुनेला बजावायच्या, "हलवू नकोस गं, जमतोय!"

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा वाचला. "चांगलं उतरलंय. गोळ्या नकोत. पण हे सोडायचं नाही हं!"

ताटलीबाई तडक कारखान्यात गेल्या. पित्त, जेली, जंतू, सगळं हातवारे करून सांगता सांगता बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची कढई खाली लागली.

"बाई, करपलं!" कुणीतरी ओरडलं.

"करपू दे!" ताटलीबाई म्हणाल्या. "आधी ऐक, सफरचंदाची साल काढायची नाही!"