फूटबोर्डवरचा शिदू

जुन्या मोटारींच्या देखणेपणावर बोलणारी मंडळी दिव्यांवर बोलतात, मडगार्डच्या गोलाईवर बोलतात. फूटबोर्डवर कोण उभं असायचं, हे कुणी विचारत नाही. आमच्या लोणावळ्यात तिथं शिदू उभा असायचा.

शिदू कुरवंड्याच्या ठाकरवाडीचा. मुंबईच्या एका शेठचा लोणावळ्यात बंगला होता आणि त्याची मोटार घाट चढताना धापा टाकायची. तेव्हा गाड्याच तशा होत्या. उंच, चौकोनी, कापडी टपाच्या, दोन्ही बाजूंना दारांखाली पायरीसारखे ऐसपैस फूटबोर्ड. शिदू त्यावर उभा राहायचा, एका हातानं टपाची दांडी धरून, दुसऱ्यात लाकडी ठोकळा घेऊन. गाडी मागं सरकली की उडी मारून चाकाखाली ठोकळा घालायचा. शेठ आत पान चघळायचा आणि न बघता बाहेर थुंकायचा. शिदूच्या सदऱ्याची एक बाजू कायम तांबडी. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

एकोणीसशे चाळीसच्या सुमारास शेठनं नवी गाडी आणली. पत्र्याचं छप्पर, दिवे मडगार्डमध्येच बसवलेले, पाठ उतरती, दारं थेट खालपर्यंत. अंगाबाहेर काही म्हणून काही नाही. फूटबोर्डही नाही.

"मंग शिदूनं कुटं उभं ऱ्हायचं, शेट?" ड्रायव्हर भिमाजीनं विचारलं.

भिमाजीशेजारच्या सीटवर आंब्याच्या करंड्या होत्या. त्या हलवायचं शेठला सुचलं नाही. एका ओरखड्यासाठी भिमाजीला चारचौघांत झापणारा हा माणूस कोरी गाडी घेऊन बाजारातल्या हौशीराम लोहाराकडे गेला आणि म्हणाला, "दाराखाली भोकं पाड, फळी बसव." त्याला गाडीला भोकं चालत होती, शिदू आत चालत नव्हता.

शिदूनं तिथंच करंड्या उचलून रस्त्यावर ठेवल्या आणि तो सीटवर बसला.

"शेट, चांगली गाडी नासू नका. आंब्याला जागा हाय, तर मलाबी हाय."

"उतर. नाहीतर कामावरून काढीन."

"काढा. मंग मी तुमचा नोकर न्हाई. भाईर उभा ऱ्हा म्हनायला तुमी माजे कोन?"

अख्खा बाजार ऐकत होता. शिदू आपल्या मर्जीनं, सावकाश उतरला आणि कुरवंड्याकडे चालू लागला. घरी त्याची बायको बाया सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "बरं केलं." दुसऱ्या दिवसापासून ती रानातलं मिळेल ते पाटीत घालून बाजारात बसू लागली.

फळी बसली. शेठनं वाडीतल्या बहिरूला बोलावलं. बहिरूनं फळी पाहिली, पुढचं दार उघडलं आणि आत बसला. त्याला हाकललं. मग आंदर मावळातून एक गडी आणला, तोही सरळ आत बसला. सगळ्यांनी मिळून कट केलाय, असं शेठ म्हणू लागला. केलाच होता, आणि झकास केला होता.

पावसाळ्यात गाडी घाटात मागं घसरली आणि कठड्याला टेकून थांबली. खाली दरी होती. शेठ इतका घाबरला, की त्यानं भिमाजीला शिदूकडे धाडलं.

शिदू बंगल्यावर आला. शेठ खोपोलीला जाऊन यायला तयार होऊन मागच्या सीटवर बसला होता.

"फळी काडली का?"

"काडली. सीटबी रिकामी हाय, बस," भिमाजी म्हणाला.

शिदू बसला, पण त्यानं दार ओढून घेतलं नाही.

"आता काय राहिलं?" शेठ करवादला.

"बाया फाटकापाशी उभी हाय. तिलाबी खोपोलीच्या बाजाराला जायचंय. ती मागं बसंल."

शेठनं भिमाजीला गाडी सुरू करायला सांगितलं. भिमाजी समोर बघत राहिला. त्यानं किल्लीला हात लावला नाही.

बाया पाटी घेऊन आली आणि तिनं मागचं दार उघडलं. शेठ सरकला.