मारियाच्या डोंगरावरचं झुडूप

इथं इंग्लंडात, आमच्या लेस्टरच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्यानं मिळणाऱ्या तुकड्यांवर, मेथीपेक्षा किस्से जास्त उगवतात. कितीही उपटा, आठवड्यात पुन्हा वर!

माझ्या शेजारच्या तुकड्यावर मारिया भाजी लावते. स्पेनच्या मायोर्का बेटावरची, माझ्याच वयाची. सून मला बाबा म्हणते, तेच माझं नाव समजून मारिया मला ‘मिस्टर बाबा’ म्हणते. वडिलांच्या डोंगरावरून फांदी आणून तिनं एक झुडूप लावलंय. फूल मात्र कधी आलं नव्हतं. ती म्हणायची, “मिस्टर बाबा, तिकडे सगळा डोंगर येलो! आता माझे गुडघे चढत नाहीत. इथेच एकदा बघायचंय.”

* * *

मारिया लेकीकडे लीड्सला गेली. झुडूप माझ्यावर सोपवलं. बघतो तर पानापानावर पुळ्या! बायकोला बोलावलं.

सरू म्हणाली, “अहो, याला गोवर आलाय!”

बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातून कडुलिंब आणून तिनं झुडपाला बांधला. मारिया परत आली, तो पाला बघितला आणि पोट धरून हसली. “पान असंच असतं! बॉर्न लाइक धिस!”

* * *

मी रोज पाणी घालायचो, शेणखतही द्यायचो. एकदा मारियानं झारीच हिसकावली. “नो वॉटर! तिकडे नुसता खडक, ऊन आणि समुद्राचा वारा!”

मग तिनं मला दगड आणायला लावले. जन्मभर शेतातले दगड वेचले, आता इथं वाकून वाकून पसरतोय!

सरू म्हणाली, “बरंय. उलटंच चालत राहा, मागं मागं जात लग्नापर्यंत पोचाल!”

* * *

सून मीरा इथलीच, इथंच जन्मलेली. पान चुरगाळून म्हणाली, “बाबा, हा झुडूप चिकट आहे, पण त्याची वास मस्त येतो.”

सरू म्हणाली, “अगं, हे झुडूप. आणि त्याचा वास.”

“पण आई, झुडूपला कुठे माहितीये तो हा आहे की हे?”

सरूनं कान पकडले! असं फार कमी वेळा होतं.

* * *

या जूनमध्ये एका सकाळी पाहिलं, तर एक फूल उमललेलं. पिवळंधमक! मीराकरवी मारियाला फोन लावला. ती ड्रेसिंग गाऊनवरच आली. दगडांवर बसली, फुलाला बोट लावलं आणि सरूचा हात धरून तिच्या बेटावरच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिली. सरूनं सगळं ऐकून घेतलं. मग तीही मराठीत तेवढंच बोलली. मारिया मान डोलावत होती.

घरी येताना मी विचारलं, “ती काय म्हणत होती गं?”

“मला काय माहीत!”

“मग तू काय सांगत होतीस?”

“तिनं विचारलं, तेच.”