पडद्यावरची बारशी

किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटींसारखे. टाकून द्यायचा धीर होत नाही आणि लावून बघायला आता मशीन कुणाकडे नाही. मग चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतं, "तो दिघ्यांच्या हुकाचा किस्सा सांग ना," आणि मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. हुकाच्या पुढचं मी सहसा सांगत नाही. आज सांगून टाकतो.

नाना शिर्क्यांचे पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते. त्या सगळ्या इतिहासातून नानांकडे एक तलवार उरली होती, आणि बडोद्यातच निजामपुऱ्यात त्यांची एक व्हिडिओ लायब्ररी होती. मग केबल आली, आणि एकेक करून गिऱ्हाइकं गेली. "आता दोन्हींचा उपयोग सारखाच," नाना म्हणायचे, "धूळ पुसायची आणि परत ठेवायचं."

अमेरिकेला निघालेल्या कुणाकडून तरी त्यांनी एक खोकं भरून कॅसेटी घेतल्या होत्या. सगळे जुने, काळेपांढरे, विलायती पिक्चर. प्रत्येकात एक वेडा सायंटिस्ट, एक पडका बुरूज, मेलेल्या माणसांचे शिवलेले तुकडे आणि कडाडणारी वीज. लायब्ररी जोरात होती तेव्हाही त्या कुणी भाड्यानं नेल्या नाहीत. मग दर रविवारी सकाळी आम्हीच नानांच्या पुढच्या खोलीत बसून त्या बघायला लागलो. कोपऱ्यावरून सेव-उसळ यायची. नाना, केमिकल कंपनीतले मेंटेनन्स इंजिनिअर दिघे, दुसऱ्या एका कारखान्यात परचेसला असलेला प्रकाश, त्याची बायको माधवी आणि रेल्वेतला मी. माझी बायको एकदाच आली. "सकाळी सकाळी प्रेतं कसली बघता?" म्हणाली आणि परत फिरकली नाही.

*

पहिल्याच पिक्चरला दिघ्यांनी गोंधळ घातला. टेबलावर तो शिवलेला माणूस, वर साखळ्या, बाहेर वादळ, आणि दिघे एकदम उठून मशीनकडे गेले. पॉझ दाबून काचेवर बोट ठेवत म्हणाले, "ह्याला अर्थिंग कुठंय?"

नाना ओरडले, "पॉझवर ठेवू नका. हेड झिजतं, टेप घासली जाते."

नानांचा हा एकच कायदा होता. मशीनही त्यांच्याच बाजूचं होतं. पॉझ जास्त वेळ राहिला तर ते आपोआप पुढे चालू व्हायचं.

"पण अर्थिंग नाही नाना. हा उठायच्या आधी सायंटिस्टच मरेल."

तेवढ्यात निजामपुऱ्याची लाइट गेली. अंधारात नानांचा आवाज आला, "म्हणून आपल्याकडे असले प्रयोग होत नाहीत. माणूस अर्धा उठणार आणि लाइट जाणार."

*

ह्या पिक्चरांत एक मदतनीस असतो. त्याला चांगला मेंदू आणायला पाठवतात आणि तो हमखास खराब मेंदू घेऊन येतो. तिथूनच सगळं बिघडतं.

आम्ही त्याला शिव्या घालत होतो. प्रकाश मात्र शांतपणे उसळीत पाव बुडवत होता. "त्याची चूक नाही," तो म्हणाला. "कंपनीचा नियम असणार. तीन कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात स्वस्त मेंदू घ्यायचा."

त्यानंतर आमच्यात कुणीही मूर्खपणा केला की दिघे विचारायचे, "ह्याचं परचेस कुणी केलं?"

*

बारशाची सुरुवात माधवीनं केली.

पिक्चर संपत आला होता. त्या बिचाऱ्या राक्षसाला जाळून झालं होतं. माधवी म्हणाली, "ह्याचं नाव काय होतं?"

कुणालाच आठवेना. नानांनी कॅसेट मागे नेऊन बघितलं. सायंटिस्टला नाव, त्याच्या होणाऱ्या बायकोला नाव, गावचा बर्गोमास्तर का कोण असतो त्यालाही नाव. ह्याला नाही. मग दुसरी कॅसेट, तिसरी कॅसेट. तीच गत.

"एवढा खटाटोप करून माणूस बनवला आणि नाव ठेवलं नाही?" माधवीला खरंच राग आला होता. "मग तो लोकांचे गळे धरणार नाही तर काय करेल?"

पुढच्या रविवारी ती डब्यात घुगऱ्या घेऊन आली. टेबलावरच्या माणसानं डोळे उघडले आणि तिनं पॉझ दाबला. नाना बोलायच्या आत ती टीव्हीपाशी वाकली, स्पीकरच्या जाळीला तोंड लावलं आणि म्हणाली, "कुर्रर्र... बाळासाहेब." मग आमच्याकडे वळून दटावलं, "बसलात काय? आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात."

आम्ही गुद्दे घातले. घुगऱ्या खाल्ल्या. त्या दिवसापासून नाना तिला आत्याबाई म्हणायला लागले, आणि पडद्यावर जो कुणी उठेल त्याचं बारसं झाल्याशिवाय पिक्चर पुढे जाईना. शांताराम झाला, मनोहर झाला, एका फार रडक्याचं नाव दिघ्यांच्या साहेबांवरून ठेवलं. बारशापुरता पॉझ नानांनी कायद्यातून वगळला. पण मशीन सुरू व्हायच्या आत आटपायचं.

*

सायंटिस्टची होणारी बायको नेहमी खाली दिवाणखान्यात असते. तो वर बुरुजात माणूस बनवतोय आणि ही खाली पियानो वाजवतेय.

माधवी एकदा म्हणाली, "आमच्याकडे उलटं आहे. टेबलावर मी, आणि हे बाहेर पेपर वाचतायत."

आम्हाला तोवर माहीत नव्हतं. घराजवळच, अकोटा भागातल्या एका दवाखान्यात त्यांची टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट चालू होती. दोनदा फसली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोघांचीही चाळिशी जवळ आली होती, आणि आता शेवटची एकदा करायची असं ठरलं होतं. माधवीनं हे सगळं पिक्चरकडे बघतच सांगितलं. प्रकाश उसळीच्या बशीकडे बघत बसला.

पुढे पिक्चरमध्ये नेहमीचं झालं. त्या माणसानं डोळे उघडले आणि सायंटिस्ट किंचाळून पळाला. प्रकाश कधी आवाज न चढवणारा माणूस. त्या दिवशी म्हणाला, "हरामखोर. इतकी वर्षं ह्याचीच वाट बघत होतास ना? मग थांब ना."

"आमचे डॉक्टरही पळतात," माधवी म्हणाली. "रिपोर्ट निगेटिव्ह आला की नर्सला पाठवतात."

*

मशालवाल्या गावकऱ्यांबद्दल दिघ्यांना एक तांत्रिक शंका होती. "लोकांना एवढ्या लवकर मशाली मिळतात कुठून? तेल, चिंध्या, काठ्या, काही वेळ लागतो की नाही?"

"तयारच असतात," नाना म्हणाले. "कुणाच्या घरावर जायचं तेवढं ठरायचं असतं."

पुढच्याच आठवड्यात प्रकाशची काकू खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन थेट अकोट्याला त्यांच्या घरी आली. पिशवी खाली न ठेवता दारातूनच म्हणाली, "माधवी, मी ऐकलं ते खोटंय ना? काचेतलं मूल आपल्या घराण्याचं कसं म्हणायचं गं?" शेजारच्या गुजराती बाई ऐकत होत्या. त्यांनी भर घातली, "ए तो मशीननुं कहेवाय, बेन."

रविवारी माधवीनं आम्हाला सांगितलं, "मशाल आली होती. दुधी भोपळा घेऊन." आम्ही हसलो. तीही हसली आणि मग उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू राहिला.

*

आणि तिसऱ्या वेळी जमलं.

डॉक्टरांनी तिला हलायची बंदी केली, म्हणून मंडळच अकोट्याला हललं. नाना स्कूटर चालवणार आणि दिघे मागे मशीन मांडीवर घेऊन बसणार. पुलावर खड्डा आला की दिघे नानांना म्हणायचे, "सांभाळून. पेशंट आहे."

नानांनी नवा नियम काढला. "पडद्यावरची बारशी बंद. आता आत्याबाईंच्या घरी खरं बारसं."

"पण माझ्या बाळाला आत्याच नाही," माधवी म्हणाली. प्रकाश एकुलता एक.

दिघे पावाचा घास गिळून म्हणाले, "मी होतो आत्या. त्यात काय? वाकायचं आणि कुर्रर्र करायचं."

नव्वद किलोची आत्या. प्रकाश इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

नाव त्यांनी ठरवून ठेवलं होतं. दिघे दर रविवारी खोदून खोदून विचारायचे. "आत्यालाच माहीत नको?" माधवी म्हणायची, "बारशाला कानात सांगीन. त्याआधी नाही."

*

आता तो हुक.

पाळण्यासाठी स्लॅबमध्ये हुक बसवायचं काम अर्थातच दिघ्यांनी घेतलं. काकू म्हणाली, मूल व्हायच्या आधी असलं काही करू नये. दिघे म्हणाले, "काकू, सिमेंटला सुकायला वेळ लागतो." कंपनीतून कसलंसं सिमेंट आणलं, स्टुलावर चढून अर्धा दिवस ठोकठोक केली. मग म्हणाले, "लोड टेस्ट घ्यायला पाहिजे."

आम्हाला वाटलं गव्हाचं पोतं लावतील. दिघ्यांनी हुकाला दोर बांधला आणि स्वतः लोंबकळले. पाय वर घेऊन, हळूहळू गोल फिरत. माधवी पलंगावरून ओरडत होती, "दिघेभाऊ, उतरा. हसले तर मला त्रास होईल." फिरता फिरता दिघे गंभीर आवाजात म्हणाले, "नव्वद किलो. पास."

लोकांना मी सांगतो तो किस्सा इथे संपतो.

*

सातव्या महिन्यातच मुलगी झाली. एक दिवस जगली.

प्रकाश, नाना आणि मी तिला घेऊन गेलो. एवढ्या लहान मुलांना पुरतात. तिथल्या माणसानं विचारलं, "नाम शुं?"

प्रकाशला नाव माहीत होतं. पण बारसं झालं नव्हतं. त्यानं नानांकडे बघितलं. शेवटी प्रकाश म्हणाला, "नाही ठेवलं."

"नथी पाड्युं? वांधो नहीं, भाई," तो माणूस हळुवारपणे म्हणाला. "आवां बाळकोनुं एम ज होय."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मला त्याचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या खोकंभर कॅसेटींचा आला. रविवारामागून रविवार आम्ही हे हसत बघितलं होतं.

दिघे आमच्याबरोबर आले नव्हते. माधवी घरी यायच्या आत हुक काढायचा म्हणून ते अकोट्याला गेले होते. आम्ही परतलो तेव्हाही स्टुलावर उभे राहून छिन्नी मारत होते. घामानं शर्ट भिजलेला. हुक हलत नव्हता. "फार चांगला बसवला रे मी," म्हणाले आणि स्टुलावरच खाली बसले.

हुक निघालाच नाही. माधवी घरी आली, वर बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या, दिघेभाऊ. स्लॅब पडेल."

*

मंडळ बंद पडलं. नानांनी लायब्ररीचं शटर ओढलं ते कायमचं, तिथे आता मोबाईलवाला आहे. बरेच महिने गेले, आणि एका रविवारी माधवी आणि प्रकाश आपणहून नानांकडे आले. माधवीनं निरोप धाडून दिघ्यांना आणि मलाही बोलावून घेतलं.

नाना घाईघाईनं एक विनोदी पिक्चर शोधायला लागले. माधवी म्हणाली, "नाही. आपलंच लावा."

खोक्यात एकच कॅसेट बघायची राहिली होती. काय आहे ते नानांनाही माहीत नव्हतं. ह्यात सायंटिस्टनं बाई बनवली होती. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर मागे गोष्ट छापलेली होती. ती मी वाचली आणि पुठ्ठा गुपचूप नानांच्या हातात दिला. ती बाई उठते, डोळे उघडून एकदा सगळ्यांकडे बघते आणि लगेच मरते. नाना पिक्चर बंद करायला उठले, पण तोवर पडद्यावर वीज कडाडली होती.

तिनं डोळे उघडले. माधवीनं पॉझ दाबला.

चित्र थरथरत उभं राहिलं. मोठे डोळे, आणि त्यांच्यावरून सरकणाऱ्या पांढऱ्या रेघा.

माधवी दिघ्यांकडे वळली. "दिघेभाऊ, तुम्ही आत्या होणार होता ना?"

दिघे उभे राहिले. ती त्यांच्या कानाशी गेली आणि काहीतरी म्हणाली. दिघ्यांनी मान हलवली. मग ते जड अंगानं गुडघ्यावर बसले, स्पीकरच्या जाळीला तोंड लावलं. कुर्रर्र आम्हाला ऐकू आलं. नाव आलं नाही.

ते तसेच वाकून राहिले. गुद्दे घालायचे होते, आमच्या कुणाचा हात उठेना. प्रकाश उठला, त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्यानं त्या रुंद पाठीत एक गुद्दा घातला. मग दुसरा. मग तिथेच पाठीवर डोकं टेकलं.

तेवढ्यात खट्ट झालं. वेळ संपला होता. मशीन आपोआप चालू झालं आणि पडद्यावरच्या तिनं मान वळवली.

नाना लगबगीनं गेले आणि त्यांनी पॉझ दाबला. मग स्टूल ओढून मशीनपाशीच बसले, बोट बटणावर ठेवून.