भाव सांगायची परवानगी

रावेरला केळीचा घड आधी कापला जायचा आणि भाव मागून कळायचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही. कापड घेताना, बैल घेताना आधी भाव विचारतात. केळीवाला मात्र सकाळी घड कापून बांधावर रचायचा आणि वाट पाहत बसायचा. मोठे व्यापारी एका खोलीत दार लावून बसत. दिल्लीचा फोन झाला की आतून एक माणूस बाहेर येई आणि आकडा सांगे. दिल्लीत माल कितीला उठला, हे विचारायची सोय नव्हती. कापलेला घड परत झाडाला लावता येत नाही, हे खोलीतल्यांना पक्कं माहीत होतं.

मी त्या खोलीतला नव्हतो. बोदवडकडच्या एका खेड्यातून हमाल म्हणून आलो. घड डोक्यावर वाहिले, ट्रकमध्ये पानं अंथरून थर लावायला शिकलो, मग दुसऱ्यांच्या ट्रकला माल मिळवून देऊ लागलो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्टँडजवळ गाळा घेतला आणि स्वतःच्या नावावर खरेदी सुरू केली. फोनसाठी किती वर्षं अर्ज पडून होता ते आठवलं की अजून डोकं तापतं. फोन आला त्याच आठवड्यात मी दिल्लीच्या एका आडत्याशी रोज सकाळच्या अर्जंट ट्रंक कॉलचं ठरवलं, आणि शाळेत असतो तसा काळा फळा आणून गाळ्याबाहेर टांगला. पहाटेच्या लिलावात दिल्लीला काय भाव निघाला, तो आकडा खडूने लिहायचा. बाकी काही नाही.

मी समाजसेवा करत नव्हतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढे काहींनी माझ्या सत्काराचा घाट घातला आणि काहींनी, याला पुढारी व्हायचंय, म्हणून हिणवलं. भाव जिथे कळतो तिथे माल येतो, एवढाच माझा हिशोब होता. शिवाय ज्याला आकडाच ठाऊक नाही त्याच्याशी घासाघीस करण्यात मला कधी मजा आली नाही.

लोक कापणीआधी सायकलवर येऊन फळा बघून जाऊ लागले. मग खोलीतला एक वयस्कर शेठ माझ्या गाळ्यावर चहाला आला. फळ्याचं कौतुक केलं, माझ्या अक्षराचंही केलं.

"लिहा भाऊ, रोज लिहा," तो म्हणाला. "फक्त आजचा नको. कालचा लिहा."

मी त्याला अर्ध्या चहावरून उठवलं. तेव्हा काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

थोड्याच दिवसांत मला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. फौजदार तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने सांगितलं की फळ्यामुळे रस्त्यावर गर्दी होते, अफवा पसरतात, अशी तक्रार आहे.

"आकडा खोटा आहे का?" मी विचारलं.

"खोटा असता तर गर्दी कशाला झाली असती?" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग हसू आवरून म्हणाला, "लिहायची परवानगी कुणाची घेतली?"

मी म्हटलं, मनाई कुणी केली ते आधी दाखवा. वरून हुकूम आलाय, पण तो गोपनीय आहे, दाखवता येत नाही, असं उत्तर मिळालं. एका शिपायाने माझा फळा उचलून नेला. आकडा तसाच होता त्यावर.

दुसऱ्या दिवशी एसटीने जळगाव गाठलं. मोठ्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्यावर असं फिरत शेवटी एका कारकुनाशी गाठ पडली. हुकमाचा क्रमांक सांगा, शोधून देतो, म्हणाला. क्रमांक हुकमावर असणार आणि हुकूमच मला बघायचाय, असं मी समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग नाना, अवघड आहे," तो म्हणाला.

माझा आवाज चढला. शिपायाने दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं. परतीच्या गाडीत जागा होती तरी मी दाराजवळ उभा राहून आलो. बसवतच नव्हतं. मला शिक्षा करा, दंड करा, चालेल. पण कोणत्या कागदाने केली ते मला वाचू द्यायचं नाही, हे डोक्यातून जाईना.

रावेरला उतरेपर्यंत तोड सापडली होती. लिहायला मनाई होती, केळी टांगायला नव्हती. गाळ्यासमोर तार बांधली आणि कच्च्या केळीच्या फण्या टांगायला लागलो. क्विंटलच्या भावात दोनशेच्या वर जेवढे दहा रुपये, तेवढ्या फण्या. येणाऱ्याजाणाऱ्याला कानात खूण सांगितली. फौजदार जीपमधून बघून गेला, काही बोलला नाही. केळीच्या गावात केळी टांगलेली, बोलणार काय? मी स्वतःवर फार खूश होतो.

पण केळीच्या गावात टांगलेली फणी कुणी विचारून घेत नाही. पाणी प्यायला जसं कुणी विचारत नाही तसं. घड वाहणारी एक अक्का रोज त्याच रस्त्याने जायची. एका सकाळी तिने भाजीसाठी एक फणी तोडून पदरात टाकली, मला हात केला आणि पुढे गेली. मी फोनवर होतो. मीही हात केला.

तासाभरात सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातला एक आबा तार बघून गेला आणि तारेवरच्या आकड्यावरून सौदा करून त्याने सगळी बाग खोलीवाल्यांना देऊन टाकली. दुपारी त्याला खरा आकडा कळला. तो तडक माझ्याकडे आला. ओरडला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"ते लोक भाव सांगत नव्हते," तो म्हणाला. "तू सांगला, अन् खोटा सांगला. मंग बरं कोन?"

मी अक्काचं सांगितलं. त्याला ते पटलं नाही, आणि पटायचं कारणही नव्हतं. बाहेर उभे असलेले चार लोक ऐकत होते. संध्याकाळपर्यंत माझी तार खोटी, हे सगळीकडे झालं असतं. मी तार तोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन ठेवला आणि गाळ्याबाहेर रस्त्यावर उभा राहिलो. आकडा मोठ्याने सांगितला. परत सांगितला. सायकलवाले थांबले. आबाही होता, लांब, हाताची घडी घालून. सांगत राहिलो, घसा बसेपर्यंत. मग शिपाई आला आणि मला घेऊन गेला. गुन्हा नोंदवला नाही, नुसतं बाकावर बसवून ठेवलं. मी दाराकडे बघत होतो. इतके लोक ऐकत होते, एखादा तरी येईल, निदान विचारपूस करील, असं वाटत होतं. कुणी आलं नाही.

दुपारी सोडलं. गाळ्यावर आलो तर माझा ट्रक रिकामा उभा, ड्रायव्हर सावलीत झोपलेला. सकाळी ऐकणाऱ्यांनी तोच आकडा घेऊन खोलीचं दार वाजवलं होतं. एवढे दिल्याशिवाय घड कापणार नाही म्हणून अडून बसले होते, आणि खोलीवाल्यांनी बऱ्यापैकी दिले होते. त्या हंगामात मिळाला नव्हता एवढा भाव त्या दिवशी मिळाला. माझ्या वाट्याला एक घड आला नाही.

आबा स्टँडवर भेटला. माल मला का नाही दिला, असं मी त्याला विचारलंच.

"तू तं ठाण्यात होता," तो म्हणाला. "मोजून घ्याले कोन होतं तुह्याकडं?" मग म्हणाला, "उद्या सांगशील ना?"

मी तरातरा गाळ्यात गेलो, फोन उचलला आणि एक्स्चेंजला उद्या सकाळचा दिल्लीचा कॉल लावून ठेवायला सांगितलं. अर्जंट.