कड्यावर जावयाची मोट

सोनगीरजवळचा एक कडा मी एकाच दिवशी दोनदा चढलो आणि दोनदा उतरलो. त्यातली पहिली अर्धी चढण तेवढी माझी.

माझा पहिला दिवाळसण होता. मेव्हणा वसंता गिर्यारोहणाचं शिबिर करून आला होता. गळ्यात शिट्टी, डोक्यावर लोकरीची टोपी (खानदेशात!) आणि तोंडी हिमालय. गावाबाहेरच्या चार पुरुष उंचीच्या कातळाला तो ‘मोहीम’ म्हणे. भरीत-भाकरी घेऊन सगळं घर बैलगाडीतून मोहिमेला निघालं. पहिला मान अर्थातच जावयाचा!

दोर म्हणून सासऱ्यांनी मोटेचा नाडा आणला. विहिरीवर नुकतंच इंजिन बसल्यामुळे मोट, नाडा आणि बैल, सगळेच रिकामे होते. वसंतानं मागच्या वाटेनं वर जाऊन नाडा निंबाच्या खोडामागून घातला. खाली येऊन एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतः धरलं.

अर्ध्यावर मी अडकलो. वरची खाच दिसेना, खालची सापडेना.

“वसंता, मला खाली घे!”

“तुमचं वजन मला पेलवणार नाही, दाजी!” (हे आधी बघायचं असतं, असं शिबिरात शिकवत नसावेत.)

“अहो, खाली पडू नका हं!” बायको म्हणाली.

“काही भ्यावानं काम नही, जावाईबापू. बठ्ठं बराबर शे!” म्हणत सासऱ्यांनी गाडीचे बैल सोडले आणि वसंताच्या हातातला नाडा त्यांच्या जोखडाला बांधला.

बैल चालू लागले. मी नाकानं कातळ घासत वर! निंबाला हात लागणार, तोच बैल थांबले. मोट वर आली, रिकामी झाली, आता मागं सरायचं. जन्मभर त्यांनी हेच केलेलं! ते शिस्तीत उलट पावली आले आणि मी अलगद जमिनीवर. गाठ सोडायला हात घातला, तर बैल पुन्हा निघाले!

“आबा, थांबवा त्यांना!” मी सासऱ्यांना ओरडून सांगितलं.

“त्यास्नी सवय शे, बापू. परत येतीन!”

आले. या वेळी चौघांनी मला धरून सोडवलं.

संध्याकाळी सासूबाई ओवाळायला तबक घेऊन आल्या. मी पाटावर सावरून बसलो. त्या थेट गोठ्यात गेल्या. योग्यच होतं. मीही मागोमाग गेलो, हात जोडले, मोऱ्या बैलाच्या पाठीवरून कृतज्ञतेनं हात फिरवला. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

मी घाईघाईनं माझी कंबर चाचपून पाहिली.