जीपच्या पोटाखालचे चकचकीत नट

कोणाच्या दारात उंच टायरांची जीप उभी दिसली की मला ते प्रकरण लख्ख आठवते आणि हात आपोआप शर्टाच्या बाह्या वर करू लागतात. त्याचा निम्मा तपास मी गाडीखाली उताणा पडून केला होता.

तेव्हा मी नागपूरजवळच्या वाडीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. माझा आवाज असा की मी ठाण्यात हजेरी घेतली तर बाहेर अमरावती रोडवरचे ट्रक आपणहून बाजूला लागत. हे मी म्हणत नाही, ट्रकवाले म्हणतात.

पावसाळा सरत आला होता. हिंगण्याच्या पुढे एका टेकडीवर टॉवरसाठी माती तपासायची होती. तिथे ट्रक चढत नाही, म्हणून वाडीच्या एका कंत्राटदाराने स्वतःची छोटी फोर-व्हील जीप लावली. गाडी काय सजवली होती! मागची सीट काढलेली, स्प्रिंगच्या कमानीत जादा पट्टे टाकलेले, वर कॅरिअर, समोर अर्ध्या नागपुराला उजेड देतील असे दिवे. मागे प्लायवूडची फळी, तिच्यावर काळे रबरी मॅटिंग आणि सामान बांधायला चार लोखंडी कड्या. ड्रिलचे इंजिन त्या कड्यांना दोराने बांधून गाडी टेकडी चढत होती. चढावर इंजिन सुटले, मागे घसरले आणि मागे बसलेल्या मजुराचा पाय त्याखाली चिरडला.

ड्रायव्हरने त्याच जीपमधून जखमीला दवाखान्यात आणले. कंत्राटदार मालक तिथे आला आणि किल्ली घेऊन गाडी घरी घेऊन गेला. आम्हाला दवाखान्याकडून खबर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाने गाडी ठाण्यात आणून लावली. सोबत तक्रारही आणली: ड्रायव्हरने दोर कच्चा बांधला, निष्काळजीपणा केला.

आम्ही ड्रायव्हरला बसवून घेतले. मी माझा खास आवाज काढला. खिडकीतली कबुतरे उडाली ती फुटाळा तलावावर जाऊनच बसली असावीत. ड्रायव्हर मात्र जागचा हलला नाही.

"साहेब, दोर सुटलाच नाही. दोरासंगं कडी उपटून आली."

"मग ती कडी कुठे आहे?"

"गाडी तं मालकानं नेली ना. मले काय मालूम?"

कड्या तर चारही जागेवर होत्या. मी हवालदाराला ओढायला लावले. मग मी स्वतः ओढली. मी एकदा रागात लोखंडी कपाटाचा दरवाजा हातात काढला होता, तो मी. पण कडी तसूभर हलली नाही. म्हणजे ड्रायव्हर खोटे बोलत होता. कागदावर तरी.

पण एक गोष्ट मला खात होती. खोटे बोलणारा माणूस आधी सुटकेचे विचारतो. हा वेगळेच मागत होता.

"कलमं लावायची ते लावा, साहेब. पण दवाखान्यात येवढा निरोप द्या, का म्या बांधण्यात कसर केली नाही."

जखमी मजूर त्याचा साडू होता. ऑपरेशन होऊन पडलेला, जबाब द्यायच्या स्थितीत नव्हता. त्याच्या बायकोने, म्हणजे ड्रायव्हरच्या मोठ्या मेहुणीने, दवाखान्याच्या दारातच बजावले होते, "याले आत येऊ देऊ नका. माह्या माणसाचा पाय यानं घालवला." लायसन्स जाईल, जेल होईल, याची त्याला धास्ती होतीच. पण तो जळत होता त्या एका वाक्याने.

खरी खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी, खर्ऱ्याच्या टपरीवर. आमचा टपरीवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता म्हणाला, "साहेब, तुमच्या त्या जीपचा मालक काल सकाळीच फॅब्रिकेशनवाल्याच्या शटरपाशी उभा होता. वाडीत सकाळी ट्रक येते, पाणी येते. फॅब्रिकेशनवाला कधी येते? त्याले घरून उठवून आणलं, गा."

मी ठाण्यात आलो, सतरंजी मागवली आणि जीपखाली शिरलो. माझे पोट आणि जीपचे पोट, दोघांच्यामध्ये जागा अशी नव्हतीच. श्वास घेतला की गाडी वर उचलली जायची. बॅटरी मारून पाहिले. आपली विदर्भाची काळी माती कशी चिकटते ते सांगायला नको. सासरच्या माणसासारखी, एकदा आली की धुऊनही जात नाही. चेसिस, कमान, सायलेन्सर, सगळे थराने लिंपलेले होते. आणि त्या लिंपणात, कड्यांच्या बरोबर खाली, नव्या लोखंडी पट्ट्या आणि नट चकचकत होते. मातीचा एक शिंतोडा नाही. वर मॅटिंग धुऊन पुसून साफ करणारा मालक खाली वाकलाच नव्हता. सजवणारा माणूस वरूनच पाहतो.

मालकाला बोलावले. तो हसत आला.

"पहिल्यापासून असंच फिटिंग आहे का?" मी विचारले.

"पहिल्यापासून, साहेब. आपलं काम पक्कं असते."

"नट नवे दिसतात."

"दरवर्षी बदलतो ना. मेंटेनन्स."

उत्तर तयार होते. मग मी माझा दुसरा आवाज काढला, लग्नात वरपक्षाशी बोलतात तो. "तुमची अशीच दुसरी जीप आहे म्हणे?"

"आहे ना. बाहेरगावच्या साइटवर होती, आजच आली. दोन्ही जुळ्या बहिणी, साहेब. एकाच हातचं काम."

"सेम कड्या?"

"सेम टू सेम!"

तिथेच तो फसला. पंच घेतले, त्याची दुसरी जीप घेतली, तेच इंजिन तसेच बांधायला लावले आणि सगळे टेकडीच्या पायथ्याशी गेलो. आमच्या पोलीस ड्रायव्हरने जीप सुरू केली. मालक पुढच्या सीटकडे वळला.

"इकडं कुठं? मागे बसा," मी म्हणालो. "तुमचा मजूर बसला होता तिथंच. काम पक्कं आहे ना?"

त्याने एक पाय आत ठेवला. गाडीने नुसता हुंकार दिला आणि हा माणूस मागून असा उडाला की शंकरपटाच्या शर्यतीतली बैलजोडी लाजावी.

"नको साहेब! थे नुसत्या लाकडाच्या स्क्रूवर हायेत! मॅटिंग सपाट बसावं म्हणून आरपार बोल्ट नाही मारले!"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. स्क्रू चालतात. पंचांसमोर मॅटिंग उचलले. चारही कड्या प्लायवूडमध्ये, बोटभर स्क्रूवर. वजन पेलायला याने कमानी भक्कम केल्या आणि ते वजन धरून ठेवायला फळीवर भरवसा टाकला. पंचनामा झाला. फॅब्रिकेशनवाल्यानेही पहिल्या जीपचे काम अपघातानंतर केल्याचा जबाब दिला. आरोपीच्या रकान्यात मालकाचे नाव गेले आणि ड्रायव्हर साक्षीदार झाला.

निरोप मी शिपायाकरवी धाडला नाही. ड्रायव्हरला माझ्या गाडीत घालून दवाखान्यात गेलो आणि वॉर्डात सगळे सांगितले. माझ्या आवाजात, म्हणजे खालच्या मजल्यावरही कळले असावे. ड्रायव्हर मात्र दाराबाहेरच थांबला होता. मेहुणीने पदराने डोळे पुसले आणि त्याच्यावरच डाफरली, "काहून उभे राहिले दारात? या ना आत, भाऊजी."

आता बोलता झालेला खाटेवरचा साडू तेवढ्यात म्हणाला, "साहेब सांगून राहिले का दोर पक्का होता. मले तं मालूमच होतं. यानं आमच्या लग्नाच्या मांडवाले बांधलेली गाठ आजूक सुटली नाही."

आता निवृत्तीनंतर मीही शेतावर मोटरपंप न्यायला एक छोटी जीप घेतली आहे. जड सामान खाली, पुढच्या सीटला टेकून. कडी चेसिसला, आरपार बोल्टने. आणि सामानामागे माणूस बसवायचा नाही. प्रत्येक खेपेआधी मी सतरंजी टाकून खाली शिरतो. बायको अंगणातून विचारते, "काय सापडलं, ठाणेदारसाहेब?"

मी म्हणतो, "नटांवर माती." आणि निश्चिंत होऊन बाहेर येतो.