लाल पान आल्यास घाबरू नये

नितेश गावंडेला मी अकरा वर्षांत कधी पूर्ण कप चहा पिताना पाहिलेलं नाही. अर्धा पितो, कप खिडकीत ठेवतो आणि उठतो. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणजे माझ्या राज्यात, खिडकीत अर्धा कप दिसला की मी समजते, हा येऊन गेला. बसला तर पाय हलतो, उभा राहिला तर हातातला किल्ल्यांचा जुडगा फिरतो. एकदा चिडून मी तो जुडगा काढून घेतला, तर साहेब माझ्या टेबलाचे ढिले स्क्रू नखाने पिळायला लागले. शेवटी मीच किल्ल्या परत दिल्या.

तो मूळचा बार्शीटाकळीकडचा. वडील खुशालराव अजून कपाशी-तूर करतात. "तू कॉलेजात नेमकं करतं काय?" असं ते दर दिवाळीला विचारतात आणि हा सांगतो, "चौकीदार हाये, बाबा." ते रागावतात. पण उत्तर तसं खरं आहे. आमच्या संस्थेची दोन कॉलेजं, आमचं अमरावतीत आणि दुसरं अकोल्यात. दोन्हीकडे एकेक सर्व्हर असा बसवलेला आहे की तुम्ही मोबाइल किंवा लॅपटॉप कॉलेजच्या नेटला जोडला की तो आधी अडवतो, नाव आणि पासवर्ड विचारतो आणि ओळख पटली तरच आत सोडतो. त्या दोन्ही चौकीदारांची जबाबदारी नितेशवर.

आता चौकीदार खरा की तोतया, हे आपण कसं ओळखायचं? त्यासाठी सर्व्हरजवळ बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून दिलेलं सर्टिफिकेट लागतं. आमच्या सर्व्हरजवळ होतं ते बसवल्या दिवशी त्या सर्व्हरनं स्वतःच स्वतःला दिलेलं. म्हणजे चारित्र्याचा दाखला, अर्जदार मीच आणि खाली सही-शिक्काही माझाच. ब्राउझर काही आमच्या संस्थेच्या उपकारात नाही. त्याला असला दाखला चालत नाही, म्हणून तो भडक लाल पान दाखवायचा आणि बजावायचा की ही जागा सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.

पहिल्या आठवड्यात सगळे घाबरले. नितेशला दिवसाला साठ-सत्तर फोन. तेव्हा त्यानं सर्टिफिकेट बदलायचं सोडून एक सूचना लिहिली, लॅमिनेशन करून आणली आणि प्रत्येक विभागाच्या भिंतीवर चिकटवली: 'लाल पान आल्यास घाबरू नये. आधी "प्रगत" व नंतर "पुढे जा" दाबावे. आपलेच आहे.' खाली त्याची सही. एक माझ्या काउंटरच्या वर लागली. कोणी विचारलं की मी वर बोट दाखवायची. किती पोरांना मी असं लाल पानातून पुढे ढकललं असेल, याचा हिशेब नाही.

सर्टिफिकेट बदलायचं तो विसरला होता असंही नाही. दर जूनला त्याच्या डायरीत 'सर्टिफिकेट' असं लिहिलेलं असायचं. दर जूनला प्रवेश सुरू व्हायचे, कुठंतरी केबल तुटायची, आणि तो शब्द पुढच्या वर्षीच्या डायरीत जायचा. काम चालू होतं ना, मग झालं.

यंदा एप्रिलमध्ये बेबीताईंचं प्रकरण झालं. बेबीताई महल्ले म्हणजे परीक्षा विभागातल्या लिपिक, नोकरीला बावीस वर्षं. विभागाची किल्ली पदराला बांधून जेवायला जाणारी बाई. तीन विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण एका दुपारी वाढलेले सापडले, आणि ते वाढवले होते बेबीताईंच्या नावानं आत शिरून, कुठल्यातरी अनोळखी मोबाइलवरून. नितेशच्याच सर्व्हरवर तशी नोंद निघाली. समितीनं सरळ अर्थ लावला की बाईंनी पासवर्ड कोणाला तरी दिला. त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. सोमवारी सुनावणी, आणि तिथं काही पटणारं सांगता आलं नाही तर नोकरी गेली.

त्या आधीच्या बुधवारी त्या ग्रंथालयात माझ्याकडे आल्या. नितेशही तिथंच होता, अर्धा चहा पिऊन झालेला. मे महिना, कूलरचा नुसता आवाज, हवा गरमच.

"म्या कोणालेच नाही सांगतला रे नितेश," बेबीताई म्हणाल्या. "माह्या पोरीलेबी नाही. देवाशपथ."

"त्या दिवशी काही वेगळं झालतं काय, ताई?" त्यानं किल्ल्या फिरवत विचारलं.

"काही नाही बापा. नेट गेलं, मंग आलं. लाल पान दोनदा आलं, मी दोनदा पुढं गेली. तू सांगतलं तसंच केलं."

किल्ल्या थांबल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. बेबीताईंना त्यातलं काही कळलं नाही. डोळे पुसून त्या उठल्या, माझ्या टेबलाला टेकवलेली छत्री घेतली आणि उन्हात निघून गेल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, दुसरं लाल पान आपलं नव्हतं."

मग त्यानं उभ्याउभ्या समजावलं. कोणीतरी परीक्षा विभागाच्या भिंतीबाहेर बसून आमच्याच नावाचं वायफाय सुरू केलं, आमच्या पानासारखंच पान बनवलं. बेबीताईंच्या लॅपटॉपनं ते धरलं. खोट्या पानाचं सर्टिफिकेटही घरचंच, म्हणून ब्राउझरनं लाल पान दाखवून इशारा दिला. ताईंनी 'पुढे जा' दाबून पासवर्ड चोराच्या हातात ठेवला.

"त्याचंबी लाल, आपलंबी लाल," तो म्हणाला. "तिनं वयखाव कसं?"

"मग ऊठ आणि आत्ता प्राचार्यांना सांग."

"सांगतो. पयले सर्टिफिकेट बदलतो. नाहीतर ते म्हणतीन, तुले मालूम होतं तर अकरा वर्षं बदललं काहून नाही?"

त्याची नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची, जूनमध्ये नवी ऑर्डर निघते. हे मला माहीत होतं. त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत हेही माहीत होतं. तरी मी भडकले. "बाईची नोकरी चालली आणि तू आधी दाराला रंग देणार?" ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी असलेल्या भिंतीखाली मी हे ओरडले. चार पोरं माना वर करून बघायला लागली. नितेश किल्ल्या खिशात टाकून निघून गेला.

पुढचे चार दिवस त्याच्याकडे बघवत नव्हतं. दाढी वाढलेली, बोलताना अर्ध्या वाक्यात उठून जायचा. काम तसं अर्ध्या दिवसाचं, पण ते सरळ होईना. सर्टिफिकेट मिळतं सर्व्हरच्या नावानं, आणि आमचा सर्व्हर लोकांना धाडायचा नुसत्या आकड्यांच्या पत्त्यावर. म्हणजे आधी सर्व्हरला धड नाव द्यायचं, सगळीकडे ते नाव पोचवायचं, मग अर्ज करायचा. शनिवारी सर्टिफिकेट हातात आलं. मुख्य सर्व्हर अकोल्याला, आमचा त्याच्या मागोमाग चालतो. बदलताना दूरचं दार बंद पडलं तर समोर बसूनच उघडावं लागतं, म्हणून रविवारी सकाळी तो मोटरसायकलनं मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेला. तोंडाला दुपट्टा, पंचेचाळीस डिग्री. मला ग्रंथालय उघडून बसायला सांगितलं होतं, इकडे पान कसं दिसतं ते बघायला.

पहिला फोन अकराला. "मॅडम, आता पाहा."

"लाल."

"आता?"

"लाल. प्राचार्यांना फोन केलास?"

फोन बंद. वीस मिनिटांनी पुन्हा. या खेपेला कॉम्प्युटरवर पान उघडलं, पांढरं स्वच्छ, वर छोटं कुलूप. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. मोबाइलवर बघितलं तर तिथं लालच.

"मधला कागद राह्यला," तो म्हणाला. "दाखल्यावर तहसीलदाराची सही हाये, पण तहसीलदाराले कोणं नेमलं त्याचा कागद सोबत लावा लागते. कॉम्प्युटरनं तो जुना कुठूनतरी आठवला, मोबाइलले आठवला नाही. थांबा."

मी थांबले. दोन वाजता मोबाइलवरही पांढरं पान आलं. मी म्हणाले, "झालं. आता प्राचार्यांना..." तो म्हणाला, "सोमवारी सांगतो ना, मॅडम." आणि अकोल्याहून परत यायला त्यानं मुद्दाम वेळ लावला असावा, कारण संध्याकाळी तो मला भेटलाच नाही. सोमवारी हा ऐनवेळी गप्प बसणार, याची मला तेव्हा जवळजवळ खात्री झाली होती.

सोमवारी अकरा वाजता प्राचार्य गोपाळकृष्ण पाठक यांच्या खोलीत सुनावणी. समितीत ते, संस्थेचे एक संचालक आणि महिला कर्मचाऱ्यांच्या वतीनं मी. नितेशला तांत्रिक माहितीसाठी बोलावलेलं, तो दाराशी उभा, किल्ल्या फिरवत. बेबीताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

पाठक सर तसे सज्जन, पण नियमाचे. म्हणाले, "महल्लेबाई, तुम्ही रोज आत कशा जाता ते आमच्यासमोर करून दाखवा." लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. कॉलेजचं पान उघडलं. पांढरं, स्वच्छ, वर कुलूप.

बेबीताईंनी हात पुढे नेला आणि मागे घेतला. पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सर, हे आपलं नाही."

"म्हणजे?"

"आपलं लाल असते. हे दुसऱ्याच कोणाचं तरी हाये. एक डाव पासवर्डापायी बालंट आलं, आता मी याच्यात पासवर्ड नाही टाकत." त्यांनी लॅपटॉप हळूच सरांकडे सरकवला.

संचालक हसले. "अहो, धोक्याचं ते तुम्हाला खरं वाटतं, आणि चांगलं ते खोटं?"

बेबीताईंचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांनी नितेशकडे पाहिलं, पण तक्रार म्हणून नव्हे. हे पान आपलं आहे की नाही ते त्यानं सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. सरांनीही मान वळवली. "गावंडे, हे काय आहे?"

कालच नवीन केलंय सर, एवढं म्हणून त्याला सुटता आलं असतं. बाई अडाणी ठरल्या असत्या, विषय मिटला असता. नितेशनं दार उघडलं आणि तो बाहेर निघून गेला. पळाला, असं माझ्या मनात आलं. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की त्याचे सगळे अर्धे कप त्याच्या डोक्यावर ओतावेसे वाटले.

तीन-चार मिनिटांनी तो धापा टाकत परत आला. हातात माझ्या काउंटरवरची ती सूचना होती, भिंतीचा चुना चिकटलेली, एक कोपरा फाटलेला. ती त्यानं सरांच्या समोर ठेवली.

"हे वाचा सर. खाली माही सही हाये. अकरा वर्षं म्या सगळ्याईले हेच शिकवलं, लाल आलं म्हणजे आपलं. चोराचंबी लालच होतं. ताईनं पासवर्ड कोणाले देल्ला नाही, माह्या सांगण्यावर चालली ते."

सरांनी सूचना वाचली, मग पुन्हा वाचली. त्यांच्या स्वतःच्या खोलीत, दाराच्या मागे तीच लागलेली होती.

"हे नवीन पान कधी केलंत?"

"काल."

"आणि आधी का नाही?"

"आळस केला, सर. अर्ध्या दिवसाचं काम होतं."

मी म्हणाले, "सर, ही पाटी माझ्या डोक्यावर होती. मीही पोरांना तेच दाखवत आले." हे मला बुधवारीच सुचायला हवं होतं, सगळा राग मी त्या एकट्यावर काढला होता.

बेबीताई गुरुवारी कामावर परत आल्या. पोरांचे गुण पूर्ववत झाले. ते पान कोणी बनवलं, त्याचा तपास पोलिसांकडे आहे, अजून काही कळलेलं नाही. नितेशनं दोन्ही कॉलेजांतल्या सगळ्या सूचना एकट्यानं काढल्या. जूनमध्ये त्याची ऑर्डर निघाली, ती अकराऐवजी तीन महिन्यांची.

आता रोज सकाळी साडेदहाला तो ग्रंथालयात चहा घेत असतो तेव्हा त्याचा फोन वाजतो. पलीकडून बेबीताई. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येतो.

"नितेश, लाल नाही आलं. जाऊ काय आत?"

"ताई, वरतं नाव वाचा. मी सांगतलं ना, नाव बरोबर असलं तर जा."

"नाव वाचलं मी. बरोबरच दिसून राह्यलं. पण तू सांग."

पूर्वी तो फोनवरच सांगून मोकळा झाला असता. आता तो कप खिडकीत ठेवतो, दोन जिने उतरून परीक्षा विभागात जातो, त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून ते नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतो, आणि मगच म्हणतो, "जा, ताई."